दांडीची रापण आणि वाट्याचे पेडवे

आश्विन पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावासाचा समारोप झाला. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले होते. समारोपाची खीर खाऊन घरी आलो, तोच मालवणहून आत्याचा फोन आला. “किनाऱ्याक पेडवे इलेहत. येवचा तर आत्ताच ये. मगे माका दोष देव नको.”

आत्याने वयाची ऐंशी ओलांडली आहे. तिने बोलावले आणि आपण गेलो नाही, असे आमच्या घरात होत नाही. मुलीला दिवाळीची सुट्टी लागताच सौ.ना आणि तिला घेऊन मी कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो. तिथून एस.टी.ने मालवण सुमारे तीस किलोमीटर. आत्याची बौद्धवाडी त्याच तालुक्यात, समुद्रापासून चालत अर्ध्या तासावर.

विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांना सुकट आणि बोंबील चांगले परिचयाचे आहेत. आठवडी बाजारातून आणलेल्या मूठभर सुकटीवर अनेक घरांनी वाईट दिवस काढले. पण ताजे पेडवे आणि तारली त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. दोन्ही एकाच कुळातली मासळी. वीतभर किंवा त्याहून लहान, पोट चंदेरी, पाठ निळसर-हिरवी. अंगात तेल इतके की तव्यावर टाकली की स्वतःच्याच तेलात तळली जाते. हे तेलच तिच्या प्रवासाच्या आड येते. जवळा आणि बोंबील यांत तेल कमी, म्हणून ते नुसत्या उन्हात वाळतात आणि वर्षभर टिकतात. तारली तशी वाळवली तर तिचे तेल खवट होते. बर्फाच्या गाड्या नव्हत्या तेव्हा ती किनाऱ्यापासून दूर जाऊच शकत नसे. ज्याला खायची असेल त्यानेच समुद्राकडे जायचे.

आमची आजीही अशीच समुद्राकडे जात असे. कोकणात तेव्हा खोती होती. राबायचे कुळाने आणि भात जायचे खोताच्या कोठारात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच पिळवणुकीविरुद्ध. खोती कायद्याने गेली ती मात्र १९४९ च्या कायद्यानंतर. घरात उरायची नाचणी. नाचणीच्या भाकरीला जोड हवी म्हणून आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन किनाऱ्यावर जायची आणि मोळीच्या बदल्यात मासळी आणायची. आत्या लहानपणी तिच्याबरोबर जात असे.

पहिल्या रात्री आत्याने आम्हाला ती गोष्ट सांगितली. माझ्या मुलीने ती प्रथमच ऐकली. “आमी लांब उभी रवायचो. टोपली खाली ठेवून पाठी सरकाचा. मगे ते वयसून मासळी टाकीत. अर्धी टोपलीत पडा, अर्धी रेतीत. रेतीतली मी येचून घेय.”

हे १९५२-५३ च्या सुमाराचे. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट झाली होती. पण दिल्लीत झालेला कायदा किनाऱ्यावरच्या त्या गावी पोहोचायला वेळ लागला. महाडच्या तळ्यावर पहारा बसवता येत होता. समुद्राला पहारा कोण बसवणार? मग पहारा बसला तो मासळीच्या वाट्यावर. मुलगी काही बोलली नाही. फक्त आत्याच्या जवळ सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मालवणच्या दांडी किनाऱ्यावर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. किनाऱ्यावर रापण लागण्याची तयारी चालली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. त्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवतात. होडी जाळे सोडत सोडत समुद्रात जाते, मोठे अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक घेऊन दूरवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना दोन रांगा उभ्या राहतात आणि ओढायला लागतात. जाळे जसजसे जवळ येते तसतशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. जाळे कुठे टाकायचे हे जुनी माणसे ठरवतात. पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी आणि पाण्याचा बदललेला रंग यांवरून थवा कुठे आहे ते त्यांना कळते.

आम्ही तिघे बाजूला उभे राहून पाहत होतो. रांगेतला एक म्हातारा आमच्याकडे वळून ओरडला, “बघीत काय रवल्यात? हात लावा!”

त्याने आमचे गाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर धरला. माझ्यामागे मुलगी, तिच्यामागे सौ. ओला दोर तळहाताला करवतीसारखा लागतो. पाय रेतीत रोवून मागे झुकायचे, दोन पावले मागे जायचे, रांगेचे शेवटचे टोक गाठले की दोर सोडून पुन्हा पुढे यायचे. पाऊण तासात माझे खांदे भरून आले. ओढणे दोन तासांहून अधिक चालले. कुणी एकट्याने जोर करून उपयोग नाही. सगळ्यांनी एका दमात ओढले तरच जाळे हलते.

शेवटी मधली खोळ उथळ पाण्यात आली आणि पाणी उकळल्यासारखे दिसू लागले. पेडवे, तारली, मध्ये मध्ये बांगडे. ऊन पडले तशी सगळी रास चमकली. पाट्या भरल्या, वाटे पडू लागले. होडी-जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचे वाटे वेगळे. आम्ही पाहुणे, आमचा हिशेब कुठे असणार? पण त्याच म्हाताऱ्याने दोन्ही ओंजळी भरून पेडवे माझ्या मुलीच्या पिशवीत घातले. पिशवी तिने हातात धरली होती आणि त्याचे हात तिच्या हातांना लागत होते. पैसे देऊ केले तर म्हणाला, “दोर वडलास मा? मगे पैशे कसले?”

मुलीने पिशवी छातीशी धरली ती घरापर्यंत खाली ठेवली नाही. आत्या अंगणात वाट पाहत होती. मुलीने तिला सगळे सांगितले. ओंजळीने दिले, हातात दिले, हे तिने दोनदा सांगितले. आत्याने पिशवीत हात घातला, पेडवे चाचपून पाहिले आणि म्हणाली, “ताजे हत. चुलीत इस्तव घाल.”

आता भगिनींसाठी आत्याची रीत सांगतो. पेडव्यांचे खवले बोटाने निघतात. लहान माशाला सुरीही लागत नाही. डोके अंगठ्याने मोडून ओढले की पोटातली घाण बरोबर येते. दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ-हळद लावायची. तिखल्यासाठी मडक्यात किंवा पसरट भांड्यात मासे मांडायचे. त्यावर लाल मिरचीचे वाटण, आमसुले, थोडे खोबरेल आणि चार-पाच ठेचलेली तिरफळे घालायची. तिरफळातली बी काढून टाकायची, ती कडू असते. पाणी बेताचे. डाव घालून ढवळायचे नाही, भांडेच धरून हलवायचे, नाहीतर मासे मोडतात. मंद आचेवर रस आटला की झाले. उरलेल्या पेडव्यांना तिने हेच वाटण चोळले, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवले आणि पान दोन्ही बाजूंनी करपेपर्यंत भाजले. सोबत तांदळाची भाकरी. तेलकट मासळीला तिरफळ आणि आंबट हवेच. त्याने उग्र वास मरतो आणि चव वर येते.

या स्वस्त मासळीचे मोल डॉक्टरही मान्य करतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात समुद्राच्या खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. तारली त्यांच्यावर पोसते आणि पावसानंतर तिच्या अंगात तेल भरते. या तेलातील ओमेगा-३ हृदयाला हितकारक. ‘ड’ जीवनसत्त्वही त्यात असते. मंद आचेवर शिजवलेल्या लहान माशाचे मऊ काटे चावून खाल्ले तर चुनाही मिळतो. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, तसा या लहान माशांत फारसा साठत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. तारली आणि बांगडा उन्हात पडून राहिले तर त्यांत विषारी द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही. अंगावर लाल चट्टे उठतात, खाज सुटते, डोके दुखते. म्हणून डोळे लख्ख आणि पोट घट्ट असलेली मासळी घ्यावी, घरी आणताच बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी शिजवावी.

जेवताना मुलीने हात थांबवून विचारले, “पप्पा, विहारात आपण रोज पंचशील घेतो. पाणातिपाता वेरमणी म्हणतो. आणि आज आपणच दोर ओढला.”

मी तिला प्रथम विनयातली गोष्ट सांगितली. भिक्षूंनी मासे-मांस कधीच खाऊ नये, असा नियम करा, ही देवदत्ताची मागणी होती. भगवान बुद्धांनी ती नाकारली. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे अन्न भिक्षूला चालते, असे त्यांनी सांगितले. ती म्हणाली, “पण आपण तर पाहिले.” तिचे खरे होते. भिक्षूंच्या नियमाआड आम्हाला लपता येत नव्हते. मग मी तीन महिने वाचलेल्या ग्रंथाकडे वळलो. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्धांनी भेद केला, असे बाबासाहेबांनी त्यात मांडले आहे. अहिंसा हे आंधळेपणाने पाळायचे कलम नसून विचाराने वापरायचे तत्त्व आहे, असा त्यांचा विवेक आहे. मी तिला म्हणालो, “तुला नको वाटले तर खाऊ नकोस. न खाणारा बौद्ध आणि खाणारा बौद्ध यांत उच्च-नीच नाही. पण खाल्लेस तर गरज किती आणि हाव किती, हे स्वतःला विचारत जा.”

तिने थोडा विचार केला आणि पानातले पेडवे संपवले. जास्तीचे मात्र घेतले नाही.

गरज आणि हाव यांतला फरक समुद्रावर उघड दिसतो. रापण किनाऱ्याजवळच फिरते आणि जे येईल ते वाटून घेते. पर्ससीनच्या मोठ्या यांत्रिक नौका थव्याभोवती वेढा घालतात आणि एका वेढ्यात टनांनी मासळी उचलतात. या मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढला, पण पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावर पकडलेल्या तारलीचा मोठा हिस्सा माणसाच्या ताटात येतही नाही. कारखान्यात तिची पूड आणि तेल होते. ते कोळंबीच्या तळ्यांना आणि कोंबड्यांच्या खाद्याला जाते. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. हवामानातील बदल, एल निनो आणि अति मासेमारी ही त्याची कारणे शास्त्रज्ञ सांगतात. २०२२ पासून ती पुन्हा लाखावर गेली. तारली वर्षभरात वयात येते. थोडी उसंत मिळाली तर ती परत येते. पण ती संपली तर सुरमई-पापलेट खाणाऱ्याचे काही अडणार नाही. अडेल ते मजुराच्या ताटाचे.

परतीच्या दिवशी आत्याने खारे बांगडे आणि सुकटीची पुरचुंडी बांधून दिली. पेडवे मुंबईला येणार नव्हते. आमच्या इमारतीत सुकट भाजायची तर सौ. आधी खिडक्या लावून घेत असत. वासाबद्दल शेजाऱ्यांनी एक-दोनदा ऐकवले होते. माझ्या आईनेही चाळीतून इमारतीत आल्यावर सुकटीचा डबा तीन कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. शाळेच्या डब्यात मासळी न्यायला मुलगी पाचवीपासूनच नाही म्हणत आली होती.

मुंबईला पोहोचल्यावर पहिल्या रविवारी तिने स्वतः तवा ठेवला. सुकट निवडली, भाजायला घेतली. सौ. खिडकी लावायला उठल्या, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे, आई. उघडी राहू दे.”

खिडकी उघडीच राहिली. वाटणात तिने आत्याने दिलेली दोन तिरफळे टाकली. चव काही फार बरी आली नाही, कारण सुकटीला तिरफळ लागत नाही. पण आम्ही तिघांनी भाकरीचा शेवटचा तुकडाही त्याच चटणीला पुसून खाल्ला.