बॉनेटवरचे नाक

अलंकारशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही शोभेची वस्तू दिसली, की ती अंगावर घातलेला हार आहे की अंगाचाच भाग आहे, हे तो तपासू लागतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हा भेद मांडला आहे. गुण हे रसाचे, म्हणजे काव्याच्या आत्म्याचे धर्म. अलंकार हारासारखे, शरीराच्या वाटेने आत्म्याला झालाच तर कधीमधी उपकार करणारे. या भेदाची उदाहरणे मी वर्गात आजवर कवितेतून देत आलो. गेल्या उन्हाळ्यात मात्र एक उदाहरण मोटारीच्या बॉनेटवर सापडले.

माझ्या भाच्याकडे त्याच्या वडिलांची कॉन्टेसा आहे. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 1984 साली बाजारात आणली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा होता आणि इंजिन सुरुवातीला 1.5 लिटरचे, त्या भारदस्त देहाला न पेलणारे. पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आले आणि देहाला साजेसा जीव मिळाला. 2002 साली तिचे उत्पादन थांबले. लांब नाक, चौकोनी खांदे आणि मागच्या चाकांना मिळणारी ओढ यांमुळे तिला 'भारताची मसल कार' म्हणणारे शौकीन आजही भेटतात. आमचे दाजी त्यांपैकी नव्हते. त्यांच्या लेखी ती तुळजापूरला आणि अक्कलकोटला सगळ्यांना घेऊन जाणारी गाडी होती, इतकेच. ते गेल्यावर ती बरीच वर्षे शेडमध्ये उभी राहिली. भाच्याने नोकरी लागताच ती बाहेर काढली, इंजिन उघडून दुरुस्त केले, आणि मग त्याला तिच्या बॉनेटवर हवा घेणारे स्कूप हवेसे वाटू लागले.

ताईचा विरोध होता. "त्यांच्या हातचं काही कापायचं नाही," एवढेच तिचे म्हणणे. निवाडा मामाकडे आला. मी भाच्याबरोबर गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, गाडी दिसायला पायजे का पळायला?"

मम्मटाचा भेद इतक्या कमी शब्दांत मी कधी मांडला नव्हता.

स्कूपचे काम मुळात साधे आहे. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवा लागते, आणि हवा जितकी थंड तितकी ती दाट. समजा, सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर 42 अंश आहेत आणि बॉनेटखाली 72. तर बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे प्रत्येक घोटात इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी. स्कूप बाहेरची हवा थेट एअर क्लीनरपर्यंत पोचवत असेल, तर त्याचा उपयोग आहे. वेगामुळे हवा आत कोंबली जाते, ही समजूत मात्र फार ताणू नये. ताशी 100 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. खरा लाभ गारव्याचा, रेट्याचा नव्हे.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, मूळ पत्र्याला भोक पाडून वर पुढे तोंड असलेले स्कूप बसवणे. त्यात हवेबरोबर पाऊस आणि धूळही येणार. आणि पत्रा एकदा कापला, की ज्या गाडीचे उत्पादनच थांबले आहे तिचे दुसरे बॉनेट शोधत फिरावे लागणार. दुसरा, बंद तोंडाचे फायबरचे स्कूप वरून चिकटवणे, निव्वळ हार. तिसरा, संपूर्ण बॉनेटच फायबरचे घेणे, ज्याचा मधला भाग मागे उंच होत जातो आणि तोंड काचेकडे उघडते. पाठमोरे तोंड पाहून मला प्रथम हसू आले. पण त्यामागे विचार आहे. धावत्या गाडीच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. अमेरिकेत 1970 च्या शेव्हरोले शेव्हेलवर ही युक्ती वापरली होती. शिवाय सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली, की आतली उष्णता त्याच तोंडातून बाहेर पडते. पावसाचा मारा समोरून होत असल्याने पाणीही कमी शिरते.

तेवढ्यात मिस्त्रींनी चौथी वाट दाखवली. समोरच्या जाळीमागून एक जाड नळी एअर क्लीनरच्या तोंडाला जोडली, की गार हवा येते. खर्च किरकोळ आणि बॉनेटला हातही लागत नाही. भाच्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्याला हवा नको होती. स्कूप हवे होते.

इथे शिक्षकाला उपदेश करण्याचा मोह होतो. मी तो आवरला, कारण इतिहास भाच्याच्या बाजूचा आहे. मसल कारच्या युगाची सुरुवात जिच्यापासून धरतात, त्या 1964 च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओच्या बॉनेटवरची स्कूप बंदच होती. त्यांतून हवा जात नव्हती. ती उघडण्याचे साहित्य विक्रेत्यांकडे आले 1965 साली. म्हणजे आधी हार आला आणि मागाहून त्याचे नाक झाले. शोभा कधीकधी गरजेच्या आधी येते आणि गरजेला वाट दाखवते. म्हणून शोभेला खोटी म्हणण्याआधी पाहायचे ते हे, की ती घालण्यासाठी अंगाचा कोणता तुकडा द्यावा लागतो.

या कसोटीवर पहिला पर्याय बाद झाला. नळी जोडायची, हे ठरले. उरली हौस, तिच्यासाठी तिसरे बॉनेट घेतले. त्याचे दोन पथ्य मिस्त्रींनी सांगितले. फायबर हलके असते, वेगात फडफडते; मूळ खटक्यावर विसंबू नये, दोन्ही बाजूंना वेगळ्या पिना लावाव्यात. आणि ते इतके उंच नसावे, की चालकाला समोरचा रस्ता दिसणार नाही. तिसरे पथ्य मी घातले. नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. पंधरा वर्षांवरील गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओसमोर उभे राहावेच लागते. तेव्हा आधी लेखी विचारावे, उत्तर येईपर्यंत नवे बॉनेट घरातच ठेवावे आणि जुने केव्हाही परत बसवता येईल असे जपावे.

ताईला हे शेवटचे वाक्य तेवढे पटले. दाजींच्या हातचे बॉनेट तिने स्वतः पुसले, गंजू नये म्हणून आतून तेलाचा हात फिरवून घेतला, आणि जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला सांगितले. तिथे ते मावले नाही. आता भाच्याच्या खोलीत, भिंतीला टेकून उभे आहे. नव्या बॉनेटचे स्कूप कसे दिसते, हे तो आल्यागेल्याला मोबाइलवर दाखवत असतो. चादरीतले काय आहे, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही.