खोट कोणी सोसावी?

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची पेढी असलेल्या एका घरातील आप्पा बाजारात एका गोष्टीसाठी ओळखले जात. पोत्यात खोट असेल, तर ती सौद्याआधी सांगायची. राजापुरी हळदीचे हळकुंड मोडून आतला रंग ते गिऱ्हाइकापुढे धरीत आणि म्हणत, "या पोत्यांत कीड आहे. बघा आणि मग बोला." २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले, तेव्हा ओल लागलेला माल त्यांनी वेगळा काढला आणि भिजलेला म्हणूनच विकला. त्या वर्षीचा तोटा मोठा होता. पण पेढीचे नाव राहिले. 'सांगून विकलं की पाप नाही,' हे वाक्य त्या घरातील मुले लहानपणापासून ऐकत आली होती. पुढे घरातल्या कुत्रीच्या निमित्ताने, हे वाक्य सगळ्याच व्यवहारांना पुरत नाही, हे आप्पांना स्वतःच नातवाला सांगावे लागले.

गोदामाच्या राखणीसाठी फलटणच्या मामांनी कारवान जातीचे एक मादी पिल्लू पाठवले होते. उंच सडपातळ पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि निमुळते तोंड. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण, आटपाडी, जत या भागांत, ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारी आहेत. कृष्णेच्या दक्षिणेकडे मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची नीट जोपासना केली आणि तेथील जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाऊंडचे तिकीटही काढले. मूळची ही जात सशामागे धावणारी. "जैनाच्या घरी शिकारी कुत्री!" म्हणून शेजारी हसत. चंद्रा मात्र दूधभाकरीवर वाढली आणि आजीच्या सामायिकाच्या वेळी उंबऱ्याबाहेर पुढच्या पायांवर तोंड ठेवून बसू लागली.

चंद्रा वीस महिन्यांची झाली, तेव्हा नातवाने तिची जोडी लावण्याचे ठरवले. जतकडचा एक देखणा नर त्याने पाहून ठेवला. या जातीच्या पिल्लांना मागणी वाढली होती. मिरजेच्या एका व्यापाऱ्याने दोन पिल्लांसाठी इसारही देऊन ठेवला. नातू शिकलेला होता आणि नियम पाहून चालणारा होता. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदाशीच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी किमान अठरा महिन्यांची व निरोगी असावी लागते, तसे पशुवैद्याचे प्रमाणपत्र जोडीपूर्वी घ्यावे लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्या प्रमाणपत्रासाठीच तो चंद्राला पशुवैद्यांकडे घेऊन गेला.

पशुवैद्यांनी तिला उताणे झोपवले आणि बेंबीवर बोट ठेवले. तेथे सुपारीएवढा मऊ फुगवटा होता. दाबला की आत जाई, ती उभी राहिली की पुन्हा बाहेर येई. पिल्लू आणले तेव्हा तो बोराएवढा होता आणि 'वाढेल तसा भरून येईल' असे मामा म्हणाले होते. लहान पिल्लांत पुष्कळदा तसे होतेही. गर्भात नाळ जेथून आत जाते तेथे पोटाच्या स्नायूंत एक कडे असते आणि जन्मानंतर ते मिटते. ते मिटले नाही, तर त्या फटीतून पोटातली चरबी बाहेर डोकावते. हाच नाभीचा हर्निया. फट मोठी असेल, तर एखाद्या वेळी आतडे त्यात अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास जीव जातो. विण्याच्या वेळी नाळ ओढली गेल्याने असे होते, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा दोष रक्तातून येतो.

"गाभण राहिली, तर जवळजवळ त्रेसष्ट दिवस पोटावर ताण वाढत जाईल आणि फटही वाढेल," पशुवैद्य म्हणाले. "ती कदाचित सुखरूप विईलही. पण पिल्लांपैकी काहींना हे येण्याचा संभव आहे. ज्यांना दिसणार नाही, तीही पुढे देऊ शकतील. मी प्रमाणपत्र देणार नाही."

रात्री जेवणे आटोपल्यावर विषय निघाला. नातू म्हणाला, "आप्पा, आपण लपवू नये, हे मला मान्य आहे. घेणाऱ्याला आधीच सांगू. ज्या पिल्लाला गाठ असेल, त्याचा दर कमी लावू. तुम्हीच शिकवलंय ना, सांगून विकलं की पाप नाही?"

आप्पांना लगेच उत्तर सुचले नाही. बाजाराच्या रीतीने नातवाचे बोलणे चोख होते. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "हळदीतली खोट मी सांगतो. घेणारा दर पाडतो, दोघांचा हिशेब मिटतो. ती खोट शेवटी त्याच्या नाहीतर माझ्या खिशाला लागते. इथं तू सांगशील, तो पैसे कमी देईल, तुमचा दोघांचा हिशेब मिटेल. दुखणं मात्र पिल्लाच्या पोटात राहील. त्याला या सौद्यात कुणी विचारलं?"

नातू म्हणाला, "पण सगळ्यांना होईलच असं नाही, आप्पा."

तेव्हा आतापर्यंत गप्प असलेली आजी बोलली. "मला होतं ते. पहिल्या बाळंतपणानंतर बेंबीशी गाठ आली. दुसऱ्याला वाढली. तिसऱ्याच्या वेळी घागर उचलली की एका हातानं पोट धरायची. पुढं मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा सुटले. मला सांगता येत होतं, तरी सांगायला किती वर्षं लागली. तिला तर वाचाच नाही."

घरात कोणालाही हे ठाऊक नव्हते. आप्पांनाही ऑपरेशन तेवढे आठवत होते. घागर आठवत नव्हती. जोडीचा विषय तेथेच संपला.

प्रश्न मात्र संपला नव्हता. पशुवैद्यांचा सल्ला होता की एकाच भुलीत हर्निया शिवावा आणि गर्भाशयही काढावे. आप्पा येथे अडखळले. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील केशवाणिज्य म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार. तो आता टळला होता. परंतु निर्लांछन, म्हणजे प्राण्याचे अवयव छेदणे, हेही त्याच यादीत आहे. तत्त्वार्थसूत्रातही अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध आहे आणि छेदही आहे. शस्त्रक्रिया करावी तर छेद होतो. न करावी, तर साधारण दर सहा महिन्यांनी चंद्रा माजावर येणार, गोदामाभोवती गल्लीतले नर जमणार आणि तिला आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवावे लागणार, तो बंध. आणि एखाद्या रात्री दार उघडे राहिले, तर ज्या पिल्लांसाठी एवढा विचार केला, तीच जन्माला येणार.

आप्पांनी दोन दिवस स्वाध्यायात हाच विषय घेतला. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे, या ठिकाणी ते थांबले. लाभासाठी बैलाला खच्ची करणारा आणि दुखणे दूर करण्यासाठी शस्त्र धरणारा वैद्य, दोघांच्या हातून छेदच होतो. पण दोघांचे परिणाम एक नव्हेत. "दोष अजिबात लागणार नाही, असं मी म्हणत नाही," ते नातवाला म्हणाले. "जो कमी आहे, तो पत्करायचा आणि त्याचं प्रायश्चित्त आपण घ्यायचं. तिच्यावर टाकायचं नाही."

एका पहाटे नातू आणि आप्पा चंद्राला गाडीत घालून निघाले. पेठनाका, कऱ्हाड, सातारा मागे टाकून खंबाटकी घाट उतरला आणि ते शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले. शस्त्रक्रिया होईपर्यंत आप्पा बाहेरच्या बाकावर णमोकार म्हणत बसले. जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात हाच मंत्र सांगितला आणि तो यक्ष झाला, ही कथा आजीने घरातल्या प्रत्येक मुलाला सांगितलेली होती. आप्पांना त्या दिवशी चंद्रा यक्ष व्हायला नको होती; घरी यायला हवी होती. ती आली. दहा दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची गळपट्टी दारांना आपटत ती घरभर हिंडली आणि आजीने तिला मऊ भात भरवला.

नातवाने मिरजेला स्वतः जाऊन इसार परत केला. व्यापारी म्हणाला, "अहो, चालली असती की थोडी गाठ." नातू म्हणाला, "तुम्हाला चालली असती, काका." आणि पैसे मोजून दिले.

महिनाअखेरीस हिशेब लिहिताना मुनीमजींनी शस्त्रक्रियेचा खर्च पेढीच्या जीवदया खात्यात टाकला. आप्पांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, तिच्यावर काट मारली आणि रक्कम घरखर्चाच्या पानावर उतरवायला सांगितली. "घरातल्या माणसाचं आजारपण जीवदयेत घालायचं नसतं," ते म्हणाले.