खाडीत थांबलेली लाँच

दाभोळच्या खाडीत आमची लाँच थांबली, त्याला वीसेक वर्षे झाली असतील. पलीकडे धोपाव्याला सप्ताहाचे कीर्तन, टाळकरी खोळंबलेले. इंजिनाचा काटा लाल पट्ट्यावर. घाई माझीच. म्हणालो, "अरे, झाकण काढून गार पाणी ओत की!" तांडेलाचा पोरगा फडके घेऊन झाकणाला भिडलाही. तांडेलाने त्याचा हात धरला. "बुवा, आत उकळतंय. उघडलं तर पोराचं तोंड भाजेल. नि तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर हेड तडकतं."

मी गप्प.

इंजिन बंद करून त्याने नांगर टाकला. "एक्झॉस्टमधनं पाणी पडायचं थांबलेलं, माझंच ध्यान नव्हतं," म्हणाला. चूक स्वतःकडे घेणारा माणूस! खालचा कॉक बंद करून गाळणी उघडली; आत प्लास्टिकची पिशवी. ती काढली, तरी पाणी येईना. मग पंपातला रबरी पंखा काढला. दोन पाकळ्या तुटलेल्या. नवा बसवला, पण तुटके तुकडे पुढच्या नळीत सापडेपर्यंत इंजिनाला हात लावू दिला नाही.

कीर्तनाला दीड तास उशीर झाला. उतरताना मी त्या पोराचे हात पुन्हा एकदा पाहून घेतले.