ऑर्कुटवरचे पाहुणे

कॉम्प्युटर हॉलमध्येच ठेवायचा, हा ठराव आमच्या पिढीच्या आईबापांनी कुठलीही सभा न घेता एकमताने पास केला होता. नाशिक असो, डोंबिवली असो की सांगली, 2006-07च्या सुमाराला ज्या घरात आठवी ते बारावीतली मुलं होती, त्या घरात टीव्हीशेजारी, स्क्रीन सगळ्यांना दिसेल असा, असेंबल करून घेतलेला जाडजूड मॉनिटर बसलेला असायचा. वर क्रोशाचा रुमाल. ओट्यापासून दारापर्यंत ये-जा करता करता नजर पडली पाहिजे, एवढीच आमची सुरक्षायोजना.

ती पुरलीही असती, पण बीएसएनएलचं 'डेटावन' घरोघरी आलं. त्यातल्या पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही नेट वापरा, मोजणी नाही. बापमंडळी खूश, फुकट म्हटल्यावर आम्हाला काय! अभ्यासाला पाचला हलवून हलवून उठवावं लागणारी मुलं दोनच्या गजराला टुणकन उठायला लागली. त्या वेळी हॉलमध्ये ये-जा करणारं कोणीच नसे.

आणि नेटवर होतं ऑर्कुट, मित्र जोडायची साइट. गूगलमधल्या ऑर्कुट नावाच्याच एका इंजिनिअरने ते 2004च्या जानेवारीत सुरू केलं आणि ब्राझीलच्या जोडीने भारताने ते डोक्यावर घेतलं. नियमाप्रमाणे तिथे अठरा पूर्ण लागत. त्यामुळे आमची दहावीतली मुलं तिथे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एका मैत्रिणीच्या मुलाला त्याच्या वर्गातल्या पोरांनी 'सोळावं वरीस' म्हणून शुभेच्छा टाकलेल्या आणि वर त्याच्याच प्रोफाइलवर जन्मसाल 1986! ही थाप पचवणं आम्हाला जड गेलं. शाळेत वय चोरलं म्हणून पट्टी खाल्लेली माणसं आम्ही.

स्क्रॅपबुक, म्हणजे प्रोफाइलवरची निरोपांची वही, ही तर सगळी चव्हाट्यावरची चावडी. कुणीही यावं, कुणाचंही वाचावं. क्लास कुठला, सुटतो किती वाजता, आज गच्चीवर कोण भेटणार, सगळं उघडं. कुलूप लावायची सोय नंतर आली. सुरुवातीला पोरांचा उपाय एकच, वाचलं की पुसून टाकायचं. मग गुपितं कुठे लिहायची? त्यावर त्यांनी काढलेली युक्ती आजही आठवली की मी मनातल्या मनात दाद देते. 'टेस्टिमोनियल' म्हणजे मित्राने लिहिलेलं प्रशस्तिपत्रक. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याने मंजूर केल्याशिवाय ते कुणाला दिसत नसे. पोरं त्यातच फोन नंबर लिहायची, रुसवेफुगवे लिहायची आणि खाली 'अ‍ॅक्सेप्ट करू नकोस' अशी ताकीद. आम्ही हॉलमध्ये डोकावून स्क्रॅप वाचत बसलो आणि खरं टपाल दुसऱ्याच पेटीतून चाललं होतं.

तरी ऑर्कुटची एक गोष्ट मला फार आवडायची. तुमचं प्रोफाइल कोण बघून गेलं, त्यांची नावं तुम्हाला दिसत. ते बंद करता येई, पण मग तुम्हालाही तुमच्याकडे कोण आलं ते कळत नसे. कॉलनीतल्या आम्ही काही जणींनी मोठ्या हौसेने आपापली खाती उघडली आणि गुपचूप लेकींच्या प्रोफाइलवर चक्कर मारली. संध्याकाळी माझी लेक दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, आज दुपारी तीनदा आली होतीस. काही हवं होतं का?" काय उत्तर देणार! पण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसलो आणि तिने मला एकेक चेहरा दाखवला: हा क्लासचा, ही बसमधली, हा कोण ते माहीत नाही. शेवटच्याला तिने माझ्यासमोरच काढून टाकलं. लपून पाहण्याची सोयच नव्हती, म्हणून बोलावं लागलं. आजच्या पाळत ठेवणाऱ्या अ‍ॅपांबद्दल माझं मत वाईट आहे ते यामुळेच.

ऑगस्ट 2007मध्ये मुंबईत सोळा वर्षांच्या एका मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुटवर झालेल्या ओळखीतून त्याला बोलावून नेल्याचं पेपरात आलं आणि घरोघरी धरणीकंप झाला. पुढे खटल्यात आरोपी सुटले, पण ते वाचायला तोवर कोण थांबलं होतं? त्या आठवड्यात कुणी मोडेम कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली, कुणी कनेक्शनच तोडलं. त्यांची मुलं कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत, पडदा लावलेल्या केबिनमध्ये जाऊन बसायला लागली. हॉलमधून उठून पडद्याआड.

आमच्या घरी मोडेम जागेवर राहिला, त्याचं श्रेय माझं नाही, माझ्या भाच्याचं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि दिवाळीत आला की धाकट्या भावंडांची प्रोफाइलं बघून द्यायचा. "मावशी, पोरं मला फ्रेंडमध्ये ठेवतात, तुला नाही ठेवणार. मी बघतो." तोच माझ्या लेकीला सांगायचा: शाळेच्या गणवेशातला फोटो काढ, मोबाइल नंबर खोड, भेटायचं तर चार जणांत आणि दिवसा. हेच मी सांगितलं असतं तर जेवण अर्धवट टाकून उठली असती. दादाने सांगितलं की लगेच. तेव्हा घराघरात असा एखादा दादा, एखादी ताई असायचीच. दोन पिढ्यांच्या मधोमध, दोन्हीकडची भाषा येणारी.

मग फेसबुक आलं, हातात फोन आले, हॉलमधला कॉम्प्युटर धुळीला लागला. 30 सप्टेंबर 2014ला ऑर्कुट बंद झालं, तेव्हा आमच्या मुलांनी स्वतःचे जुने स्क्रॅप वाचून कपाळाला हात लावला म्हणे.

आता कायदाही पुढे आला आहे. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, असं म्हटलंय. जन्मसाल बदलायला किती वेळ लागतो, ते आमच्या पिढीला विचारा.

गेल्या महिन्यात धाकट्या जावेचा फोन आला, आवाज रडवेला. तिची मुलगी नववीत आहे. इन्स्टाग्रामवर तिने 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी केलीय, खास फोटो त्यांनाच दिसतात, आणि त्या यादीत आई नाही. "वहिनी, मी काय परकी आहे का हो?" मी विचारलं, मग घरातलं कुणीच नाही का यादीत?

"आहे ना. तुमची लेक आहे."

"मग तू झोप जा," म्हटलं.