तोंड बघून ओळख नको

श्रीपूरसारख्या उसाच्या मुलखात घरामागची बाग एकटी कधीच नसते. कुंपणापलीकडे उसाचा फड, बाजूने पाट, आणि आळ्यांत घालायला कारखान्याचा प्रेसमड नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यातलं शेणखत. पाणी, खत आणि वारा या तिन्ही वाटांनी तणांचं बी येतं, बुरशीचे बीजाणू येतात. पाऊस पडून चार दिवस झाले की वाफ्यात अनोळखी चेहरे दिसणारच. हल्ली अशा वेळी हात आधी खिशातल्या मोबाईलकडे जातो. फोटो काढला, नाव आलं, काम झालं. माझं म्हणणं असं की फोटोत येतं ते झाडाचं तोंड, आणि तण असो की भूछत्र, त्याची खरी साक्ष बहुधा मातीखाली, खोडाच्या आत नाहीतर टोपीच्या पोटाशी असते.

यावर जुना माळी हसेल. तण ते तण, उपटून टाकावं, नाव घेऊन काय करायचंय? पण उपटायचं कसं, हेच नावावर ठरतं. लव्हाळा वरून साध्या गवतासारखा दिसतो. त्याचं खोड चिमटीत फिरवलं तर तीन कडा लागतात. खुरप्याने वरचा शेंडा छाटला तर खालची काळपट गाठ तशीच राहते आणि पुन्हा फुटते. गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे जोरात कुळवलं की साखळी तुटून एकाची चार रोपं होतात. घोळीचं वेगळंच. उपटून ओल्या मातीवर टाकली तर पानांतल्या पाण्यावर तग धरते आणि कांडीला पुन्हा मुळं फुटतात. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट काढलं की संपतं. फुलल्यावर काढलं तर हजारो बिया खाली सांडून जातात. तीन तणांची भांगलण एकाच पद्धतीने केली तर एक मरेल आणि दोन वाढतील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपल्या आज्या ॲपशिवाय, पुस्तकाशिवाय सगळं ओळखत होत्या. खरं आहे, पण त्या पानाच्या आकारावर थांबत नव्हत्या. मोडून, चुरगाळून, वास घेऊन बघत. घोळीची भाजी खुडताना तिच्यातच दुधीच्या जातीचं एक आडवं पसरणारं तण शिरलेलं असतं, तसंच लालसर खोड, तशीच बारीक पानं. कांडी मोडली की निकाल लागतो: घोळीतून नुसतं पाणी येतं, त्या तणातून पांढरा चीक. अर्थात चीक म्हणजे विष असा सरसकट नियम करू नये, पाथरीलाही चीक असतो आणि ती आपण भाकरीबरोबर खातो. शिवाय आजीच्या ज्ञानालाही काळाची मर्यादा आहे. गाजरगवताची भारतातली नोंद आर. एस. राव यांनी 1956 साली पुण्यातल्या रोपांवरून प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पिढीला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्याचं कोवळं, जमिनीला चिकटलेलं रोप आजही शेवंतीचं समजून जपलं जातं.

मुळाकडे बघण्याचा आग्रह सगळ्यात पटतो तो टारफुल्यापाशी. ज्वारीच्या किंवा उसाच्या बुडाशी आलेलं हे वीतभर हिरवं रोप, त्यावर नाजूक पांढरी फुलं, कुणालाही निरुपद्रवी वाटावं. पण त्याची मुळं यजमानाच्या मुळांत घुसलेली असतात. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागल्यावरच त्याचं बी रुजतं, आणि चाहूल न लागल्यास मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. रोप वर दिसेपर्यंत बरंचसं नुकसान खाली होऊन गेलेलं असतं. ताट सुकतंय म्हणून पाणी वाढवणाऱ्याला हे कुठल्याच फोटोत दिसणार नाही.

भूछत्रांच्या बाबतीत तर चुकीला माफी नाही. पावसाळ्यात हिरवळीवर एक मोठं पांढरं, खवल्यांचं भूछत्र येतं. कोवळेपणी त्याच्या टोपीखालचे पडदेही पांढरेच असतात. टोपी कापून कागदावर पालथी ठेवावी, वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटलेला दिसतो. ते खाल्लं तर उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. वारुळावरच्या खाण्याच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर असतो, आणि तिचा देठ मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. वरून उपटली तर तो तुटतो, पुरावाही तिथेच राहतो. तरीही ठसा जुळला म्हणून भाजी करू नये. असल्या तपासण्या ‘खाऊ नका’ एवढंच खात्रीने सांगतात. उलट प्रेसमडवर उगवणाऱ्या बहुतेक छत्र्या नुसता कुजका माल खाणाऱ्या असतात, त्यांच्यावर औषध फवारणं म्हणजे पैसे वाया. नारळाच्या बुंध्याला मात्र तपकिरी, चकचकीत, लाकडासारखी कडक बुरशी चिकटलेली दिसली, तर ती काढून टाकून भागत नाही. रोग मुळांत आणि बुंध्यात आधीच पोचलेला असतो, आणि शेजारच्या माडाभोवती चर खणायचा की नाही, हे त्याच आठवड्यात ठरवावं लागतं.