पाठ केलेलं वाक्य

तो सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला राग आला होता. सगळं घर हसत होतं आणि मी शेंगा फोडत फोडत मनातल्या मनात त्यातल्या पोरीला बोल लावत होते.

सिनेमा म्हणजे ‘मुंबई-पुणे-मुंबई’. सतीश राजवाडे यांचा, २०१० सालचा. मी काही तो थेटरात बघितला नाही. टीव्हीवर लागला तेव्हा २०१७ साल असेल. रविवारची दुपार होती. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईची एक पोरगी पुण्याला येते. घरच्यांनी तिच्यासाठी पुण्याचं स्थळ बघितलेलं असतं. ती येते घरच्यांच्या आग्रहापायी, पण नाही सांगायचं हे मनात पक्कं करूनच. पुण्यात तिची एका अनोळखी पोराशी गाठ पडते. दोघं दिवसभर फिरतात, मुंबई भारी का पुणे भारी म्हणून भांडतात, हळूहळू मनातलं बोलायला लागतात. आणि शेवटी कळतं, जिला नाही सांगायचं होतं तिला भेटलेला पोरगा तोच. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, अख्खा सिनेमा ह्या दोघांवरच. गंमत म्हणजे सिनेमाभर दोघांना नावंच नाहीत. नावं मिळाली ती २०१५ च्या दुसऱ्या भागात, लग्न ठरल्यावर.

हसत होते ते आमचे मालक, जाऊबाई, तिची पोरं आणि माझा धाकटा. धाकटा तेव्हा एकोणतीस वर्षांचा. मुंबई-पुण्याच्या भांडणात तर तो मांडीवर थापा मारत होता. पण सिनेमा संपत आला तसा गप झाला. “थ्री फेज आली वाटतं, मोटार चालू करून येतो,” म्हणाला आणि उठून गेला.

त्या आठवड्यात आमच्या शेतीच्या फिडरला लाईट रात्रीची होती. दुपारी मोटार चालू होणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी काही बोलले नाही. टोपल्यातल्या शेंगा संपल्या तरी माझा हात टोपल्यातच फिरत होता.

तोवर त्याला सात ठिकाणांहून नकार आला होता. पहिल्याचं काही वाटलं नाही. होतं असं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी मध्यस्थ म्हणाला, पत्रिका जुळत नाही. चौथे कळवतो म्हणाले आणि कळवलंच नाही. महिनाभर फोन वाजला की मी पदराला हात पुसत पळत होते. पाचव्या ठिकाणचे पाहुणे घर बघायला आले. बाग बघितली, विहिरीत वाकून बघितलं, सातबाऱ्यावर किती आणि भावकीत वाटण्या किती ते विचारलं. जेवले. आणि जाताना मुलीच्या मामानं मालकांना बाजूला घेऊन विचारलं, “पोरगं पुण्याला कंपनीत वगैरे लागंल का? बारा हजाराची असली तरी चालंल.”

म्हणजे बारा हजाराची नोकरी चालत होती, पण पाच एकर भगवा डाळिंब चालत नव्हता. आणि नोकरीवाला पोरगा सापडला की त्याला विचारायचं, गावाकडं शेती किती? आमच्या सांगोला तालुक्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसा, अशी तिशी ओलांडलेली पोरं दिसतील. तेल्या रोगानं बाग गेली तरी पुन्हा लावणारी, रात्री दोनला उठून पाणी धरणारी. अंगात खोट एकच, शेती करतात.

म्हणून मला पोरींचा राग होता. बाजारात आम्ही मुलांच्या आया भेटलो की बोलणं एकच, पोरी लई शेफारल्यात. आणि इथं टीव्हीवर एक पोरगी चांगल्या घरच्या पोराला नाही सांगायला चक्क प्रवास करून आली होती, आणि माझ्याच घरातली माणसं तिला हसून दाद देत होती.

पुढं दिवाळीला लेक माहेरी आली. लेक धाकट्यापेक्षा मोठी, पंढरपूरला दिलेली. फराळाचं करून दमून बसलो होतो आणि टीव्हीवर पुन्हा तोच सिनेमा लागला. मी म्हणाले, “बदल ते. मला ती पोरगी आवडत न्हाई.”

“का गं आई?”

“नाही म्हणायचं तर घरी बसून म्हणावं. एवढ्या लांब येऊन कशाला कुणाचा पाणउतारा करायचा?”

लेक म्हणाली, “येऊन म्हणतीया तीच बरी की. आपल्याकडं एक तरी अशी आली का? मध्यस्थ म्हणला पत्रिका जुळत न्हाई. आगं, तिसऱ्या ठिकाणी आपण पत्रिका दिलीच नव्हती.”

हे खरं होतं. मी गप बसले. मग तिनं विचारलं, “आणि मला तू कसं विचारलं होतंस, आठवतंय का?”

“विचारलं तर होतं. पसंत हाय का म्हणून.”

“चहाचा ट्रे हातात देऊन. दारात उभं करून. पाहुणे आत बसलेले. त्यात कोण न्हाई म्हणतंय, आई?”

ती हसतच म्हणाली. तिचं बरं चाललंय, जावई चांगले आहेत, त्यामुळं तिला हसता आलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण चहाचा ट्रे हातात देऊन विचारणं ही काय चीज असते, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला तर ट्रे घेऊन सुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

माझं बघणं १९७९ च्या चैत्रात झालं. त्याच्या दोन वर्षं आधी मी दहावी पास झाले होते. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या गावातून त्या वर्षी पास झालेल्या मुली दोनच, त्यातली एक मी. मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. वडील म्हणाले, बघू. बघू बघू म्हणता स्थळ आलं.

मी एक वाक्य तयार केलं. “मला अजून दोन वर्षं शिकायचंय, मग लग्न करीन.” एवढंच. त्यात नाही सुद्धा नव्हतं, नुसतं थांबा म्हणणं होतं. ते वाक्य मी गोठ्यात म्हशीपुढं पाठ केलं. धार काढताना हळू आवाजात, शेण काढताना मोठ्यानं. म्हैस रवंथ करत ऐकायची. चार दिवसांत वाक्य असं पाठ झालं की झोपेतून उठवलं असतं तरी न अडखळता म्हणाले असते.

पाहुणे आले. मुलगा आलाच नव्हता. सासरे, चुलतसासरे आणि गावचा एक जाणता माणूस. मला नाव विचारलं. शिक्षण विचारलं. वर्तमानपत्र हातात देऊन चार ओळी वाचायला लावल्या. पाय अधू आहे का बघायला वसरीतून चालवलं. भाकरी येते का, धार येते का, सगळं विचारलं. माझं ध्यान एकाच गोष्टीवर, आता शेवटी विचारतील, तुझं काय म्हणणं आहे पोरी? चुलता म्हणाला, “जा बाळ आत.” मी उठून आत गेले. वाक्य तोंडातच राहिलं. चुलीपुढं बसले तेव्हा बाहेर सुपारी फुटलेली ऐकू आली.

सिनेमातली पोरगी आपलं वाक्य घेऊन मुंबईहून पुण्यापर्यंत आली. माझं वाक्य गोठ्यापासून वसरीपर्यंत, वीस पावलं, आलं नाही. तिचा मला राग येत होता तो अर्धा धाकट्यापायी होता, आणि अर्धा ह्यापायी. हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, दिवाळीत, अंथरुणावर पडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. म्हशीची गोष्ट, वाक्याची गोष्ट, सगळी. चाळीस वर्षं होत आली संसाराला, पण हे कधी बोलले नव्हते. ते तंबाखू मळत ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मला तरी कुणी इचारलं व्हतं? मी रानात नांगर धरल्याला. आबांनी बांधावरनं हाक मारली, सुपारी फोडून आलोय म्हणून. तुला पयल्यांदा बघितलं ते अंतरपाट खाली आल्यावर.”

“मग? आवडले का मी?”

“आता इचारतीस व्हय?” म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते कशाचं, मला सांगता येणार नाही. माणूस चांगला मिळाला. पण चांगला मिळाला म्हणून न विचारणं चांगलं होतं, असं मला म्हणवत नाही.

मग डिसेंबर २०२२ उजाडला. आमच्या सोलापुरात लग्न न जमलेल्या पोरांनी नवरदेवाचा वेश करून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. बायको मिळवून द्या म्हणून. टीव्हीवर बघून देश हसला. मला हसू आलं नाही, माझा धाकटा तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्या पोरांची एक मागणी अशीही होती की गर्भलिंग तपासणीच्या विरोधातला कायदा नीट पाळला जावा. ते मात्र हसण्याच्या नादात कुणी ऐकलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या, त्याच्या दहा वर्षं आधी ९१३. कायदा तर १९९४ चा. ज्या आम्ही बाजारात उभ्या राहून पोरी शेफारल्या म्हणत होतो, त्यातल्या कितींनी सुनेला “जरा तपासून घे” म्हणून सांगितलं होतं, हे आम्हाला एकमेकींचं माहीत होतं. जन्माला यायचं का, हेसुद्धा पोरीला आपण ठरवून देणार, आणि आता तीच नाही म्हणती म्हणून रडणार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जतकडचे पाहुणे घर बघायला आले. ह्या खेपेला मुलगी बरोबर होती. नर्सिंग झालेली. चहा झाला, बाग कुठली, पाणी कुठलं, सगळं नेहमीचं सुरू झालं. मुलगी खाली मान घालून बसलेली. मला माझी वसरी आठवली. मी उठून म्हणाले, “ही दोघं जरा बागंत जाऊन येऊ द्या. बोलू द्या त्यांचं त्यांना.”

तिचे वडील माझ्याकडं बघतच राहिले. आमचा एक चुलतभाऊ खाकरला. मालक मात्र म्हणाले, “जावा की. बांधावरनं जावा, पाणी सोडलंय, चिखल हाय.”

तासभर गेली असतील. मी भाकरी थापत होते, पण ध्यान सगळं बागेकडं. परत आली तेव्हा दोघांचेही पाय चिखलानं भरलेले. मुलगी सरळ स्वयंपाकघरात आली, माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, “मावशी, तुमचा मुलगा चांगलाय. पण मला मिरजेला दवाखान्यात नोकरी करायचीय, आणि त्यांना शेती सोडायची न्हाई. मी त्यांना तसं सांगितलंय. तुमालाबी मीच सांगावं म्हणलं.”

तव्यावरची भाकरी करपली. खोटं कशाला सांगू, काळजात कळ आली. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि जाताना पिशवीभर डाळिंबं दिली. त्या पोरीचं नाव मला आजही पाठ आहे, इथं लिहीत नाही.

संध्याकाळी धाकटा गोठ्यात वैरण टाकत होता. मी विचारलं, “वाईट वाटलं का?” म्हणाला, “वाटलं. पण आये, तिनं तोंडानं सांगितलं. का न्हाई तेबी सांगितलं. आधीच्यांचं मला आजून कळलं न्हाई, माझं काय चुकलं व्हतं ते.” त्या रात्री तो पोटभर जेवला. आधीच्या नकारांना दोन-दोन दिवस जेवत नसे.

पुढं वर्षभरानं त्याचं लग्न झालं. सून मंगळवेढ्याकडची. बघायला गेलो तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, पोहे नंतर, आधी त्या दोघांना बोलू द्या. ती काय बोलली, तो काय बोलला, मी अजून विचारलेलं नाही. ते त्यांचं आहे.

मागच्या महिन्यात टीव्हीवर तो सिनेमा पुन्हा लागला. आम्ही चौघं बघत बसलो, सून शेंगा फोडत होती. शेवट जवळ आला तसं मी चोरून धाकट्याकडं बघितलं. उठला नाही. आता मोटारीला ऑटो बसवलाय, लाईट आली की आपोआप चालू होती. उठून जायला निमित्तच राहिलं नाही. पण ऑटो नसता तरी तो उठला नसता, असं मला वाटतं.