देहानिशी

शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या मिरकाबच्या खोल्यांत दोन पंथ असतात. एक दुपारपर्यंत झोपणाऱ्यांचा, दुसरा इस्त्रीचा शर्ट घालून निघणाऱ्यांचा. दुसऱ्यातले पुष्कळसे होली फॅमिली को-कॅथेड्रलची वाट धरतात. १९६१ साली उभं राहिलेलं हे चर्च इथून पायी गाठता येतं. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा इथं शुक्रवारीही होते. आमच्या खोलीतला वसईकर ती सहसा चुकवत नाही.

या मिस्सेत जी श्रद्धा बोलून दाखवली जाते, तिच्यातला शेवटाकडचा भाग मला फार दिवस नीट कळला नव्हता. देह म्हणजे जुनं वस्त्र, टाकून द्यायचं, हे ऐकत मी वाढलो. ख्रिस्ती श्रद्धा इथं सरळ उलट बोलते. शेवटच्या दिवशी मेलेली माणसं उठतील ती देहानिशी. जन्मोजन्मीचा फेरा नाही, नुसता आत्माही नाही. हाच माणूस, याच नावाचा. मला हे अवघड वाटतं, पण क्षुल्लक वाटत नाही. देहाची एवढी किंमत करणारी कल्पना, देह राबवायला आलेल्या माणसांच्या वस्तीत वेगळीच ऐकू येते.

कारण परमुलखात मेलेल्या माणसाचा देह म्हणजे आधी कागदपत्रं. मृत्यूचा दाखला, दूतावासाची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंग, मग विमानाचा कार्गो. १२ जून २०२४ ला मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात गेलेल्या ४५ भारतीयांचे देह हवाई दलाच्या विमानाने आधी कोचीला उतरले. काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली होती. त्या आठवड्यात वसईकर म्हणाला, "मला इथंच पुरलं तरी चालेल रे. देवाला काय, कुठूनही उठवता येतं. पण आईला नाही चालणार."

त्याला ठाऊक नसेल, पण हे बोलणं सोळाशे वर्षांपूर्वी एकदा झालेलं आहे. इ. स. ३८७ मध्ये संत मोनिका रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली. गाव आफ्रिकेत, समुद्रापलीकडे. तिथं ठेवलेली जागाही होती, नवऱ्याशेजारची. एका मुलाला वाटत होतं, आईला मरण आपल्या मुलखात यावं. मोनिका म्हणाली, देह कुठंही ठेवा. देवापासून कुठलीच जागा लांब नाही, शेवटी मला कुठून उठवायचं हे त्याला कळेल. ही हकिकत तिच्या दुसऱ्या मुलाने, ऑगस्टीनने, लिहून ठेवली. तिथं आई निश्चिंत होती आणि लेकराचा जीव अडकला होता, वसईत उलट.

शास्त्राचं म्हणाल तर मोनिकाचंच बरोबर. इ. स. १७७ मध्ये ल्योंच्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती यांना पुन्हा उठताच येऊ नये म्हणून. श्रद्धा काही वाहून गेली नाही. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनालाही मुभा दिली; जळाल्याने देवाचा हात आखडत नाही, हा त्यामागचा विचार. तरी २०१६ मध्ये रोमहून बजावलं गेलंच की राख उधळू नका, वाटून घेऊ नका, पवित्र जागी ठेवा. म्हणजे देवाला पत्ता लागत नाही, माणसांना लागतो. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईच्या दफनभूमीत मेणबत्ती लावायला जागा हवी असते, ती आईला.

पण आईच्या बाजूनेही एक जुना साक्षीदार आहे. यहेज्केल संदेष्टा. इथून उत्तरेला, आजच्या इराकात, बाबेलच्या कैदेत राहणारा परागंदा माणूस. त्याला सुक्या हाडांनी भरलेलं खोरं दिसलं. हाडाला हाड जुळलं, मांस चढलं, श्वास आला. त्या दृष्टान्ताचा अर्थ त्याच प्रकरणात सांगितलाय: तुमच्या कबरी उघडीन आणि तुम्हाला तुमच्या देशात नेईन. मेलेल्यांच्या उठण्याचं हे जुनं चित्र मुळात घरवापसीचं आहे. परदेशी खितपत पडलेल्यालाच ते दिसावं, यात मला नवल वाटत नाही.

मी हे सगळं वसईकराला सांगितलं. तो एसीचं काम करतो. डाव्या हातावर भाजल्याचा लांब व्रण आहे. त्याला ल्योंमध्ये रस नव्हता. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, तर आपला व्रण राहणार का, एवढंच त्याने विचारलं. ऑगस्टीनने यावरही लिहिलंय: हुतात्म्यांचे व्रण कदाचित राहतील, पण व्यंग म्हणून नव्हे, शोभा म्हणून; तुटलेले अवयव मात्र परत मिळतील.

"मी कुठला हुतात्मा," तो म्हणाला. "व्रण राहिला तर राहू दे. पण कंबर नवी पाहिजे. ते लिहिलंय का बघ."